पाण्याची गोळी आणि काटोलची बस

माझ्या काउंटरवर हृदयाच्या औषधांना कंपनीने ठेवलेली नावं कोणी घेत नाही. "भाऊ, आमच्या बुढ्याची गुलाबी द्या." "ती जिभेखालची आहे का?" "मधात रेघ असलेली, अर्धी तोडून खायची, ते द्या." नागपुरात जरीपटक्याच्या बाजारात माझं मेडिकल आहे. एका बाजूला कापडाचं दुकान, दुसऱ्या बाजूला नमकीनवाला. गिऱ्हाईक कापडाचा भाव करून येतं आणि त्याच जोरात माझ्याकडे रक्तदाबाच्या गोळीचा भाव करायला लागतं. मी चिडतो. चिडण्यासाठी मी या भागात प्रसिद्ध आहे. पण भाव करण्यासाठीही आहे. मला दारात पाहिलं की आमचा होलसेलवाला आधी चहा सांगतो, कारण आता वेळ लागणार हे त्याला कळतं.

माझं एक दुखणं आहे, ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर लेखभर ठुसठुसत राहील. गोळी कशासाठी आहे, जेवणाआधी घ्यायची की नंतर, चक्कर आली तर काय करायचं, हे सगळं लोक माझ्याकडून उभ्या उभ्या समजून घेतात. मीही तोंड कोरडं पडेपर्यंत सांगतो. मग ते घरी जातात आणि मोबाइलवरून औषधं मागवतात, कारण तिथे सूट जास्त. डबा दारात येऊन पडतो. डब्याला काही विचारता येत नाही, म्हणून नवा प्रश्न घेऊन पुन्हा माझ्याकडे येतात. प्रश्न माझ्याकडे, धंदा तिकडे. हे मला अजून पचलेलं नाही आणि पचवायचंही नाही.

तरीही सांगतो, कारण मला या औषधांचं फार कौतुक आहे. नरखेड तालुक्यातल्या एका गावात मी दुसऱ्यांच्या संत्र्याच्या बगीच्यांना पाणी देत वाढलो. पुढे नागपुरात एका मोठ्या मेडिकलमध्ये खोकी फोडता फोडता फार्मसीची पदविका घेतली. वर्गात सर हृदयावर शिकवायला लागले तेव्हा मला हसू येत होतं. सर ज्याला हृदय म्हणत होते ती मला विहिरीवरची मोटार दिसत होती. रक्तवाहिन्या म्हणजे पाइप. पाइप आवळले की मोटारीवर जोर येतो. पाणी जास्त झालं तरी जोर येतो. मोटार फार वेगाने पळाली तर तापते. मोटार, पाइप, पाणी. हृदयाच्या बहुतेक औषधांचं काम या तीन ठिकाणी कुठेतरी चाललेलं असतं.

काही गोळ्या मोटारीची घाई कमी करतात. आपल्या शरीरातलं एक रसायन हृदयाला सारखं 'पळ, पळ' म्हणत असतं. ही गोळी हृदयाचे कान झाकते. ठोके सावकाश होतात, दाब उतरतो. बदल्यात माणसाला थकल्यासारखं वाटतं, हातपाय गार पडतात, आणि दमा असेल तर डॉक्टर ही गोळी फार जपून देतात, बऱ्याचदा देतच नाहीत. या गोळीची एक खोड आहे. ती एकदम सोडायची नसते. बरं वाटलं म्हणून एका मास्तरांनी ती परस्पर बंद केली आणि हृदय असं उधळलं की दवाखान्यात भरती व्हावं लागलं. इतके दिवस झाकलेले कान एकदम उघडले, तर आवाज मोठाच ऐकू येणार.

काही गोळ्या पाइप सैल करतात. त्यातल्या एकीने पावलांवर सूज येते, दुसरीने कोरडा खोकला. आमचे शेजारचे कापडवाले अंकल कितीतरी दिवस खोकल्याचं सिरप नेत होते. "दादा, कोई तगडा सिरप दो, ये तो पानी है." मी म्हटलं, "अंकल, डॉक्टर को बोले क्या खाँसी का?" म्हणाले, "खाँसी के लिए हार्ट के डॉक्टर को क्या बोलना?" मी आवाज चढवला तेव्हा कुठे ते गेले. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी बदलून तिची चुलत बहीण दिली, जी खोकला आणत नाही. खोकला गेला. अंकल मात्र अजून सांगतात की शेवटचं सिरप चांगलं होतं.

आणि जिभेखालची गोळी. छातीत कळ आली की ही पाइप एवढ्या पटकन सैल करते की पाहणाऱ्याला जादू वाटावी. पण दाबही तसाच पटकन उतरतो, म्हणून ती बसूनच घ्यायची. उभ्याने घेऊन धाडकन पडलेला माणूस मी माझ्याच पायरीवर पाहिला आहे. डोकंही ठणकतं. कळ थांबली नाही तर सरळ दवाखाना गाठायचा, दुकानात यायचं नाही. याच गोळीमुळे माझं एका गृहस्थाशी कडाक्याचं भांडण झालं. महिनोन्महिने तो जिभेखालची गोळी न्यायचा, आणि एक दिवस बाजूला घेऊन हळूच दुसरी मागायला लागला, पुरुषांना जोम देणारी. दोन्ही मिळून दाब इतका पाडतात की जीव जाऊ शकतो. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "तुले काय करायचं आहे? तू दुकानदार आहेस, माल दे!" मी म्हटलं, "माल नाही मिळणार, अन् वहिनीले दुकानात पाठवा, मी त्यांनाच समजावतो." तो पुन्हा आला नाही. गिऱ्हाईक गेल्याचा मला एरवी फार त्रास होतो. त्या दिवशी झाला नाही.

आता पाण्याच्या गोळीकडे येतो, कारण हा लेख खरं तर तिच्यासाठी आणि शकुंतलाबाईंसाठी आहे.

शकुंतलाबाई माझ्या गावाशेजारच्या गावच्या. नवरा वारल्यावर संत्र्याचा बगीचा त्यांनी स्वतः सांभाळला. त्यांचा मुलगा प्रशांत इथे जरीपटक्यात राहतो, नोकरी करतो. बगीच्याचा सौदा बाकीचे लोक झाडावर फळ असतानाच उक्ता करून मोकळे होतात. बाई तसं करत नसत. माल टेम्पोत चढवायचा, टेम्पोत पुढे पुरुषमाणसं, म्हणून स्वतः एसटीने काटोल गाठायचं आणि बाजारात मालाजवळ उभं राहून भाव करायचा. मी त्यांना भाव करताना पाहिलं आहे. मी कोणाला सहसा मानत नाही. त्यांना मानतो.

त्यांचं हृदय कमजोर झालं होतं. मोटार अशक्त झाली की रक्त पुढे नीट रेटलं जात नाही आणि पाणी मागे साचतं. आधी पायात, मग पोटात, मग फुप्फुसात. माणूस आडवा झाला की गुदमरतो. पाण्याची गोळी मूत्रपिंडाला मीठ बाहेर टाकायला लावते, आणि मीठ निघालं की पाणी त्याच्यामागे निघतं. घेतल्यावर थोड्याच वेळात लघवीला जावं लागतं, पुन्हा जावं लागतं, पुन्हा. काही तास हेच चालतं. मग पाय उतरतात, श्वास मोकळा होतो. एवढ्याशा गोळीने माणूस रात्री सपाट झोपू शकतो, याहून मोठी गोष्ट माझ्या दुकानात दुसरी नाही. जास्त झाली तर मात्र अंग सुकतं, चक्कर येते, पायात गोळे येतात, रक्तातला पोटॅशियम नावाचा क्षार घसरतो आणि हृदयाचा ठेका बिघडतो. म्हणून तिचा डोस डॉक्टर रक्त तपासून ठरवतात.

बाईंचे डॉक्टर म्हणजे आमच्याच भागातले डॉ. मेश्राम. गोळी चालू होती, तरी सूज वाढत होती. डॉक्टर डोस वाढवत होते, सूजही वाढत होती. शेवटी त्यांनी प्रशांतला सांगितलं की पुढच्या महिन्यात फरक पडला नाही तर आईला भरती करू, आणि बाजारात जाणं बंद. प्रशांतला तेच हवं होतं. बगीचा उक्ता देऊन टाकायचा आणि आईला फ्लॅटवर आणायचं, असं त्याचं कधीपासून चाललं होतं. पोरगा वाईट नाही. आईची धाप त्याला पाहवत नव्हती. पण बाईंना बाजारातून उठवणं म्हणजे त्यांना जिवंतपणीच बाजूला काढून ठेवणं होतं, आणि हे त्या तिघांनाही माहीत होतं.

अशात मुलाकडे आलेल्या बाई एका दुपारी माझ्या दुकानात आल्या. पायरी चढून काउंटर धरून उभ्या राहिल्या, बोलायला श्वास पुरेना. पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढून माझ्यासमोर ठेवली.

"भाऊ, हे वापस घ्या. उरल्या."

मी पाकिटं उलटी करून पाहिली. माझा माल नव्हता. प्रशांतने मोबाइलवरून मागवलेला होता. माझं डोकं फिरलं.

"बाई, हे माझ्या दुकानातलं आहे का? ज्याच्याकडून घेतलं त्याले वापस करा ना!"

"तो कुठं बसते मले काय माहीत? दुकान तुमचं दिसते, तुमाले देते."

"म्हणजे घ्यायच्या वेळी तो, अन् द्यायच्या वेळी मी?"

"बरं, पैसे नका देऊ. यायच्या बदल्यात शक्तीची बाटली द्या एखादी. दम लागून राहिला मले."

"बाटली-फाटली काही मिळणार नाही! अन् उरल्या कशा? रोज घेतल्या असत्या तर उरल्या असत्या का?"

असं म्हणत मी ती पाकिटं पुन्हा त्यांच्याकडे सरकवली, आणि सरकवता सरकवता थांबलो. सगळी एकाच औषधाची होती. ठोके कमी करणारी गोळी त्यात नव्हती, पाइप सैल करणारी नव्हती. त्या संपल्या होत्या. उरली होती ती फक्त पाण्याची.

"बाई, ही एकच गोळी काहून उरली?"

"उरली म्हणजे उरली."

"डॉक्टर डोस वाढवून राहिले अन् तुम्ही गोळी पिशवीत ठेवून राहिल्या? काहून? सांगा ना, काहून?"

माझा आवाज फार वाढला असणार, कारण नमकीनवाला डोकावून पाहायला लागला. बाईही भडकल्या. कोणाचा आवाज ऐकून गप्प बसणारी ती बाई नाहीच.

"तू बसला एसटीत कधी गोळी खाऊन? सकाळी गोळी घेतली की घटकेत लागते. पुन्हा लागते. बस रस्त्यात असते. माणसं कंडक्टरले म्हणतात, मास्तर, जरा थांबवा, अन् झाडामागं जाऊन येतात. मी कुठं जाऊ गा? बाजारात चारी बाजूनं माणसं. सौदा टाकून जाऊ? बाजाराच्या दिवशी मी ते गोळी घेत नाही. अन् सीझनमधी रोजच बाजार असते!"

दुकानात दोन बायका उभ्या होत्या. दोघींनी खाली पाहिलं. त्यातली एक हळूच म्हणाली, "खरं आहे जी. आमची सासूही लग्नाला जायच्या दिवशी नाही घेत."

मी खुर्ची बाहेर काढली आणि बाईंना बसवलं. इतकी वर्षं मी ही गोळी विकतो आहे. सकाळी घ्या, रात्री घेतली तर झोपमोड होईल, हे मी प्रत्येकाला घोकून सांगतो. पुस्तकात तेच आहे आणि बरोबरच आहे. पण पुस्तक लिहिणाऱ्याची सकाळ घरात जात असणार.

"डॉक्टरांना हे सांगितलं का?"

"पुरुष डॉक्टरले हे सांगू? वेडा आहेस का?"

"मले सांगितलं ना."

"तुले कुठं सांगितलं? तुयाशी भांडली मी."

तिथूनच मी डॉ. मेश्रामांना फोन लावला. कोणाच्या गोळ्या मी स्वतःच्या मनाने पुढेमागे करत नाही, आणि इथे तर धोका समोर दिसत होता. चढवलेला डोस बाईंनी कुठल्या तरी रागात रोज पुरा घ्यायला सुरुवात केली असती, तर त्या आठवड्याभरात सुकून पडल्या असत्या. डॉक्टर म्हणाले, "आत्ताच घेऊन या."

डॉक्टर रागावतील अशी माझी खात्री होती, कारण त्यांच्या जागी मी असतो तर छत उडवलं असतं. ते रागावले नाहीत. त्यांनी बाईंकडे न पाहता, टेबलावरचा पेपरवेट फिरवत विचारलं, "बाई, काटोलची बस कितीला सुटते? परत घरी कधी पोचता?" जणू स्वतःलाच काटोलला जायचं आहे. बाईंनी सांगितलं. डॉक्टरांनी आणखी विचारलं, घरी आल्यावर काय काम असतं, झोपता कधी. पाय दाबून पाहिले, छाती ऐकली, रक्त तपासायला पाठवलं. अहवाल पाहून वाढवलेला डोस पुन्हा खाली आणला.

"गोळी बाजारातून घरी आल्यावर, दुपारी घ्यायची. संध्याकाळपर्यंत तिचं काम संपेल. पण रोज. एकही दिवस चुकवायचा नाही. चुकवायची वेळ आली तर मला आधी फोन."

"चालते," बाई म्हणाल्या. आणि लगेच, "मंग बाजार?"

"रोज सकाळी वजन करायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर ते अंगातलं पाणी समजा. त्या दिवशी बाजार नाही, मला फोन. नाही वाढलं, तर जा."

निरोप मिळून आलेला प्रशांत दारात उभा होता. म्हणाला, "सर, गावात वजनाचा काटा कुठे आहे?"

बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की मलाच हसू आलं. "संत्र्याचा काटा काय तुया बापानं दान करून टाकला?"

ही गोष्ट मला फार आवडते. नागपुरात शिकलेला डॉक्टर, मूत्रपिंडातून मीठ बाहेर ढकलणारी गोळी, आणि संत्र्याचे कॅरेट तोलायचा काटा. तिघांनी मिळून एका बाईची मोटार चालू ठेवली. बाई रोज सकाळी तोंड धुऊन त्या काट्यावर उभ्या राहायला लागल्या. काही दिवसांत पाय उतरले. महिन्याभराने त्या माझ्या पायरीवर न थांबता चढल्या आणि गोळ्या प्रशांतच्या मोबाइलवरूनच घेणार असल्याचं मला ऐकवून गेल्या. मी पुन्हा चिडलो. त्यांना धाप लागत नव्हती, त्यामुळे या वेळी भांडण बरोबरीचं झालं.

नंतरच्या दिवाळीत मी गावी गेलो होतो. एका सकाळी संत्री घ्यावीत म्हणून बाईंकडे गेलो. बाजाराचा दिवस, तरी त्या घरीच होत्या. ओट्यावर खाटेवर बसलेल्या, आणि समोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बाहेरगावचा एक व्यापारी. मला पाहून बाई पुटपुटल्या, "काटा वाढला. दिवाळीचा चिवडा अन् लोणचं. डॉक्टरले फोन केला. आज घरीच राहा म्हणाले, अन् पाण्याची एक गोळी सकाळीच घ्यायले लावली." माल तयार होता, तोडणी करायला हवी होती, आणि बाजार चुकला होता. ही बातमी व्यापाऱ्याला कुठून तरी लागली असावी. बाईमाणूस, आजारी, घरात अडकलेलं. तो स्वस्तात सौदा उरकायला आला होता.

त्याने भाव सांगितला. ऐकून मलाच राग आला. मी तोंड उघडणार इतक्यात बाई उठल्या आणि एक शब्द न बोलता आत निघून गेल्या.

व्यापारी गोंधळला. माझ्याकडे पाहून म्हणाला, "राग आला का यायले?" मला कारण कळलं होतं. मी आयुष्यभर भाव केलेला माणूस आहे, कुठे गप्प बसायचं ते मला कळतं. मी आभाळाकडे पाहिलं.

बाई परत येऊन बसल्या. व्यापाऱ्याने भाव थोडा वाढवला. बाईंनी मान हलवली, काही बोलायला तोंड उघडलं, आणि पुन्हा उठून आत गेल्या. या वेळी जरा घाईने. दार लागल्याचा आवाज आला. व्यापाऱ्याने कपाळ पुसलं. बाई परत आल्या तेव्हा खाली टेकायच्या आधीच तो म्हणाला, "बाई, तुमी उठू नका, आपण बसून बोलू ना," आणि बाजारभावाच्याही वर गेला. बाईंनी सौदा पक्का केला. त्याने नमस्कार केला, चहा घेतला.

बाई पुन्हा उठल्या.

व्यापारी कप ठेवून उभाच राहिला. "आता काय झालं जी? बरं, तोडणीची मजुरीही माझ्याकडे!"